चारशे सह्यांचा वायसर

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती, की उपयोगनं एका प्राध्यापकाला स्वतःच्या घरात कोंडून ठेवलंय. तास-दोन तास नव्हे, चांगले सहा दिवस. कुणी म्हणे त्यांच्या तोंडात बोळा कोंबलाय. कुणी म्हणे बोळा नाही, पट्टी. इस्त्रीवाल्याचं म्हणणं असं, की प्राध्यापकांनी खिडकीतून त्याच्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, आणि तेवढ्यात आतून एका हातानं सर्रकन पडदा ओढला. मी स्वतः ही बातमी निदान अकरा घरी पोचवली आणि प्रत्येक घरी थोडी वाढवून पोचवली, हे आधीच कबूल करून टाकतो. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये.

पण हा उपयोग कोण, ते सांगितल्याशिवाय यातली गंमत कळायची नाही.

उपयोग हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते काय होतं ते आता त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं. विद्यापीठात 'संशोधन ते उद्योग कक्ष' नावाचं एक खातं होतं आणि त्या खात्यात हा एकटा होता. जागा भौतिकशास्त्राच्या इमारतीत, जिन्याखाली. वरून विद्यार्थी धावले की याच्या चहात चुना पडायचा. त्याआधी ती खोली प्राणिशास्त्राची अडगळ होती. त्यांनी सगळं सामान नेलं, पण पेंढा भरलेली एक मगर दारातून निघेना, म्हणून ती तिथंच राहिली. भेटायला येणारे टोप्या तिच्या दातांना अडकवायचे.

याचं काम काय, तर रोज सकाळी प्रयोगशाळांतून फिरायचं. डॉक्टर वॉर्डातून फिरतात तसं. संशोधक कशावर तरी वाकलेला दिसला की मागे जाऊन उभं राहायचं आणि अदबीनं विचारायचं, "वा, छानच. याचा उपयोग काय?"

सतरा-सतरा वर्षं एका नळीत डोळा घालून बसलेली माणसं ती. लेकराचं कौतुक करायचं सोडून 'हा कमावणार किती?' असं कुणी विचारावं, तसं त्यांना व्हायचं. लांबून तो दिसला की दारं लागायची. "उपयोग आला, उपयोग आला!" असा निरोप मजल्यामजल्यावरून पुढे जायचा. तेच नाव चिकटलं.

बरं, त्याची तरी काय चूक? संशोधकाचा शोध कागदावर मांडायचा, त्याचं पेटंट घ्यायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी तो ढापू नये असा सरकारी शिक्का मिळवायचा, आणि मग एखादी कंपनी गाठून सांगायचं, की बाबा, ही वस्तू बनव आणि वीक. ऐकायला सोपं. पण त्याच्या पदरी पडणारे शोध! एकानं अशी खुर्ची केली होती, की माणूस तिच्यावर बसला की ती घंटा वाजवून सांगायची, 'तुम्ही बसला आहात.'

"पण बसणाऱ्याला ते कळतंच ना?" उपयोगनं विचारलं.

"कळतं," संशोधक म्हणाले, "पण खात्री?"

दुसऱ्या एका बाईंनी उन्हावर चालणारा दिवा केला. वीज साठवायची सोय राहून गेली होती, त्यामुळे तो ऊन असेपर्यंतच लागायचा. उपयोग तो दिवा घेऊन चौदा कंपन्यांत गेला. प्रत्येक ठिकाणी त्याला खिडकीपाशी जाऊन तो लावून दाखवावा लागला, आणि प्रत्येक ठिकाणी तो लागला की नाही यावर वाद झाला.

अशी अकरा वर्षं गेली. वस्तू म्हणावी अशी एक बाहेर पडली नाही. बायको शाळेत गणित शिकवायची, तिची जीभ कंपासच्या टोकासारखी. ती म्हणायची, "तुमच्या कक्षातून रोज एकच वस्तू बाजारात येते. तुम्ही! तीही साडेपाचला, भाजी आणायला."

आणि मग कुलगुरूंचं पत्र आलं. या महिन्याच्या अखेरीपर्यंत एका तरी शोधाचा पेटंटसाठी अर्ज गेला नाही, तर कक्ष बंद. खोली क्रीडा विभागाला, कुस्तीच्या गाद्या ठेवायला. मगरीबद्दल पत्रात काही नव्हतं. उपयोगची बदली परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर लाख ओतायला. मी त्या विभागात जन्म काढला आहे. तिथे माणूस आत येतो तो बोटं भाजलेलीच घेऊन बाहेर पडतो.

"ये की," मी त्याला म्हटलं, "सोबत होईल."

"यायला हरकत नाही हो काका," तो म्हणाला. "पण एक वस्तू... एक तरी वस्तू दुकानात टांगलेली बघायची होती. साधी असली तरी चालेल. मुलं विचारतात, बाबा तुम्ही काय बनवता? काय सांगू?"

हे तो हसत म्हणाला, पण मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

आणि अशा वेळी वायसर सर भेटले.

नळाच्या पोटात रबराची एक चकती असते, तिला वायसर म्हणतात. ती झिजली की नळ टिपटिप गळतो. सरांनी वीस वर्षं खपून एक पदार्थ तयार केला होता. त्याचा वायसर जेवढा झिजेल तेवढा आपला आपण फुगायचा. म्हणजे नळ कधी गळणारच नाही. उपयोगनं सवयीनं विचारलं, "याचा उपयोग काय?" आणि जन्मात पहिल्यांदा त्याला समोरून उत्तर मिळालं. तो तिथंच एका स्टुलावर बसला. ते स्टूल घंटा वाजवणारं नव्हतं म्हणून बरं.

नळ बनवणाऱ्या एका कारखान्यानं आतलं गुपित न विचारताच शब्द दिला: पेटंटच्या अर्जाची पोच दाखवा, वायसर आम्ही घेतो. राहिलं होतं एवढंच, की प्रयोगशाळेत एक यंत्र तो नळ उघडत होतं आणि बंद करत होतं, उघडत होतं आणि बंद करत होतं. दोन लाख वेळा झाल्याशिवाय शेवटचा आकडा मिळणार नव्हता, आणि त्या आकड्याशिवाय अर्ज लिहायला विद्यापीठाच्या वकीलबाई तयार नव्हत्या. हिशेब केला तर नऊ दिवस लागत होते. नववा दिवस म्हणजे नेमकी महिन्याची अखेर.

"नऊ दिवस थांबायला हरकत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "फक्त तोवर कुणाला कळता कामा नये. अर्ज जाण्याआधी एका जरी बाहेरच्या माणसाला हे कळलं, तर शोध जगजाहीर झाला असं धरतात. मग पेटंट विसरा."

"एका जरी?"

"एका जरी."

"बहिरा असला तर?"

"वाचता येत असेल तर तोसुद्धा. हां, ज्यानं गप्प राहायचं असं लिहून दिलंय, गुप्ततेच्या करारावर सही केलीय, त्याला सांगितलेलं चालतं. तो बाहेरचा धरत नाहीत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हणून सांगितलं. पुढचं सगळं रामायण त्या वाक्यानं घडवलं.

कारण वायसर सरांच्या तोंडात तीळ भिजत नसे. माणूस देवासारखा, पण पोटात गोष्ट राहिली की त्यांना ती टोचायची. स्वतःचं लग्न ठरल्याची बातमी त्यांनी सगळ्या विभागाला दिली होती, मुलीला विचारायच्या आधी. असा माणूस वीस वर्षांनी यशस्वी झाला होता आणि त्याला सांगितलं जात होतं, की नऊ दिवस गप्प बसा.

पहिल्याच सकाळी सर दाढी करायला गेले. उपयोगला हे कळलं तेव्हा तो अंघोळ करत होता. डोक्याला साबण तसाच, खाली पँट, वर टॉवेल आणि हातात कराराचा कागद अशा अवतारात तो आमच्या खिडकीखालून धावत गेला. न्हाव्याच्या दुकानात सर खुर्चीत, गालाला फेस, आणि त्यांचं तोंड उघडलेलं.

"थांबा!" उपयोग ओरडला. वस्तरा हवेत राहिला.

"काय झालं साहेब?" न्हावी म्हणाला. "कुणी गेलं का?"

"आधी यावर सही कर. मग सरांचं ऐक."

"दाढी करायला सही? कापलं तर मीच भरून देऊ की काय?"

"तसं नाही. सर तुला एक गोष्ट सांगतील. ती तू कुणाला सांगायची नाहीस."

न्हाव्यानं सरांकडे पाहिलं. सर फेसातून मान हलवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अहो, माझा धंदा काय, तुम्ही मागताय काय!" न्हावी म्हणाला. पण कुतूहल कुणाला चुकलंय? सही केली. सर बोलले. अर्धा तास बोलले. फेस वाळून गालाला चिकटला. सगळं ऐकून न्हावी म्हणाला, "एवढंच? वायसर?"

"एवढंच म्हणजे?"

"नाही, चांगलं आहे. फुगतो म्हणजे... चांगलंच आहे."

पण मौज पुढे झाली. दुपारपर्यंत न्हाव्याच्या लक्षात आलं, की आपल्याला हे कुणालाही सांगता येणार नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि 'काय विशेष?' म्हणालं की त्याचा वस्तरा घसरायचा. तिसरा गाल कापला गेल्यावर त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि पाटी टांगली: 'प्रकृतीच्या कारणाने बंद'. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले समस्त पुरुष अस्वलासारखे दिसत होते.

उपयोगनं यातून धडा घेतला तो भलताच. तो म्हणाला, सरांना थोपवणं अशक्य आहे. तेव्हा सर ज्याला-ज्याला भेटण्याची शक्यता आहे, त्याची सही आधीच घेऊन ठेवावी. झालं. काखेत कागदांचा गठ्ठा मारून हा गल्लीभर हिंडायला लागला. दूधवाला, किराणावाला, पेपरवाला, समोरच्या इमारतीचा वॉचमन. लोक सही करायचे, सरांकडे जायचे, वायसरची हकीकत ऐकायचे आणि बाहेर यायचे ते पडलेल्या चेहऱ्यानं. पण गंमत बघा, आपण फसलो हे कुणी कबूल करतो का? बाहेर उभा असलेला विचारायचा, "काय रे, काय आहे?" तर हा आवाज खाली आणून म्हणायचा, "सही कर. मग कळेल. मी बोलू शकत नाही." चेहरा असा, की जणू सरकार पडणार आहे.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी उपयोगच्या दारात रांग. किराणावाल्यानं बायकोला पाठवलं, बायकोनं जावेला. एक गृहस्थ शहराच्या दुसऱ्या टोकाकडून बस पकडून आले होते. त्यांना वाटलं होतं काहीतरी वाटप चाललंय. सही मीही केली. ऐकून आलो. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण मला बघून आणखी सहा जण रांगेत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं पाहिलं, की उपयोग सरांना दंडाला धरून आपल्या घरी नेतोय. सरांच्या हातात एक पिशवी, डोळे लाल, केस पिंजारलेले. दार बंद झालं. सर परत आपल्या घरी गेले नाहीत.

आता त्या घरात एक माणूस असा होता, की ज्याची सही नव्हती. उपयोगच्या सासूबाई.

बाई ऐंशीला टेकलेल्या, पण बाणा ताठ. उपयोगनं कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"नाही करणार."

"आई, फक्त एक सही."

"या घरात जावयाच्या तोंडची गोष्ट ऐकायला मला सही लागते? मुलगी दिली तेव्हा तुझ्याकडून कुठल्या कागदावर सही घेतली होती का रे मी? आं? विश्वासानंच दिली ना?"

"आई, कायदा आहे हो."

"मग तो कायदा घेऊन जेवायला बस. मी वाढणार नाही."

बायको मध्ये पडायला गेली. "आई, अगं दूधवाल्यानं केलीय सही!"

"हो ना! दूधवाला घरचा, मी परकी!"

तेव्हापासून त्या घरात जे सुरू झालं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. जेवायच्या टेबलाला एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला सासूबाई, मध्ये उपयोग, पंचासारखा. सर घास घ्यायचे, काहीतरी आठवून चेहरा उजळायचा, "आज यंत्राचा आकडा—" आणि उपयोग टेबलाखालून त्यांचा पाय दाबायचा. सर वाक्य घासाबरोबर गिळायचे. सासूबाई सुनेकडे बघावं तसं जावयाकडे बघायच्या.

"त्यांना बोलू का देत नाहीस?"

"त्यांना... घसा आलाय."

"घसा आलाय तर पाय का दाबतोस?"

एकदा सासूबाईंनीच थेट विचारलं, "अहो भाऊ, तुम्ही इथं का आलात? काही संकट आहे का? मला सांगा, मी भीत नाही याला." सरांनी उपयोगकडे पाहिलं, उपयोगनं छताकडे. सर उठून आत गेले आणि दाराला आतून कडी लावून घेतली. कडीचा आवाज सासूबाईंना ऐकू आला, पण ती कुठल्या बाजूनं लागली हे काही त्यांना दिसलं नाही.

आता सांगा, अशा वेळी एखादी मानी बाई काय करेल? सासूबाई खिडकीत येऊन बसल्या. खालून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या जे सांगायच्या त्यात शब्दाचंही खोटं नव्हतं: "आमच्या घरात एक शिकलेला माणूस आहे. जावई त्याला बोलू देत नाही. का ते मला विचारू नका, मला या घरात काही सांगत नाहीत." बाकीचं आम्ही केलं. बोळा इस्त्रीवाल्याचा, साखळी किराणावाल्याची. पट्टी बहुतेक माझी असावी.

उपयोगच्या कानावर हे सगळं येत होतं. लोक त्याला बघून रस्ता बदलायचे. त्याच्या मुलाला शाळेत कुणीतरी विचारलं, "तुमच्या घरी कैद्याला जेवायला काय देतात?" मी त्याला म्हटलं, "अरे, काय ते एकदा सांगून टाक ना, सर तुझ्याकडे का राहतात ते." तो म्हणाला, "काका, ते नाही सांगता येत." म्हटलं, "माझी सही आहे!" तो म्हणाला, "त्या सहीत हे येत नाही."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आठव्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठाचं वार्षिक व्याख्यान होतं. वक्ते वायसर सर. वर्षभर आधी ठरलेलं, पत्रिका छापलेल्या, विषय: 'न गळणारा नळ'. उपयोग कुलगुरूंकडे गेला, म्हणाला, एक दिवस पुढे ढकला. कुलगुरू म्हणाले, सभागृह मिळत नाही. दुसऱ्या विषयावर बोलू द्या. तर सरांना दुसरा विषय येत नव्हता.

मग एकच मार्ग राहिला. चारशे खुर्च्या, चारशे कागद. सभागृहाच्या दारात टेबल टाकून उपयोग बसला आणि सही केल्याशिवाय एकालाही आत सोडेना. कुलगुरूंनी सगळ्यांआधी केली. प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी कागद घेतला, दाराशीच उभं राहून वाचायला लागले, आणि तिसऱ्या कलमाशी अडले. "इथे 'अथवा' म्हटलंय. 'आणि' हवं." उपयोग घामाघूम. मागे रांग जिन्यापर्यंत. शेवटी न्यायाधीशांना बाजूला खुर्ची दिली, पेन दिलं, आणि ते आनंदानं करार दुरुस्त करत बसले. आयुष्यात इतके सुखी मी फार थोडे लोक पाहिलेत.

सभागृह भरलं. मोजदाद झाली: माणसं चारशे, सह्या तीनशे नव्व्याण्णव. ती एक न्यायाधीशांची, असं धरून उपयोगनं दार लावलं. सर मंचावर गेले. पाणी प्यायले. चेहऱ्यावर असं तेज, की सहा दिवसांचं मुकेपण फिटणार. "मित्रहो," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी उपयोगच्या लक्षात आलं, की न्यायाधीश अजून दाराबाहेरच बसलेत.

मग आतला चारशेवा कोण?

तिसऱ्या रांगेत, मधोमध, मांडीवर पर्स ठेवून सासूबाई बसल्या होत्या. चहावाल्यांच्या दारानं आल्या होत्या.

उपयोग धावला. मंचावर चढून त्यानं चक्क सरांच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "बघा! मी म्हणालो नव्हतो?"

"आई," उपयोग माइकवरून म्हणाला, कारण माइक मध्येच होता, "आई, एक तर सही करा, नाही तर पाया पडतो, बाहेर चला."

"मी कुठं जाणार नाही," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नव्हती. "दाराबाहेर काढतोय मला चारशे माणसांदेखत!"

"आई, उद्या सकाळी अर्ज जायचाय. आज तुम्ही ऐकलंत तर अकरा वर्षं पाण्यात जातील."

"पाण्यात जाऊ देत की हवेत. मला कुणी सांगितलं? सहा दिवस तू मला माझ्याच घरात भिंत केलंस. भिंतीलासुद्धा कान असतात म्हणतात, मला तेवढेही ठेवले नाहीस."

उपयोगचा हात सरांच्या तोंडावरून खाली आला. तो मंचाच्या कडेला बसला, पाय सोडून, लहान मुलासारखा. "चुकलं माझं," तो म्हणाला. "खरंच चुकलं. पण आता काय करू ते तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी पर्स उघडली, चष्मा काढला. "मी सही करते. पण आधी तू करायची. माझ्या कागदावर."

हे ऐकून बाहेरचे न्यायाधीश तीरासारखे आत आले. "मसुदा मी सांगतो!" कराराची एक कोरी बाजू मिळाली. न्यायाधीश सांगत गेले, उपयोग लिहीत गेला: जावई घरात घडणारी कोणतीही गोष्ट सासूबाईंपासून लपवणार नाही.

"'विचारल्यास' असं घाला," न्यायाधीश हळूच म्हणाले. "नाहीतर तुमचं जगणं कठीण होईल."

"घाला की," सासूबाई म्हणाल्या. "मी विचारीनच."

उपयोगनं सही केली. साक्षीदार म्हणून न्हावी पुढे आला. मग सासूबाईंनी गुप्ततेच्या कागदावर सही केली, घोटीव, नावागावासकट. मग न्यायाधीशांनी केली. सभागृहात टाळ्या पडल्या आणि वायसर सर, ज्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं, बोलायला लागले. सव्वा तास बोलले. दहाव्या मिनिटाला सासूबाईंना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रानं दोन लाखाव्या वेळी नळ बंद केला. एक थेंब पडला नाही. वकीलबाईंनी आकडा लिहिला, अर्ज गेला, पोच आली. दुपारी कुलगुरूंच्या टेबलावर ती पोच होती, आणि क्रीडा विभागाच्या गाद्या जिन्यापाशी येऊन परत गेल्या.

कारखान्यानं वायसर घेतला. मात्र नळात नाही घातला. त्यांच्या विक्रीच्या साहेबांनी शेवटच्या क्षणी विचारलं, 'नळ गळलाच नाही तर लोक नवा नळ का घेतील?' आणि बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी तोच पदार्थ मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणाला वापरला. बाटली दप्तरात आडवी पडली तरी सांडत नाही. उपयोगला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "चालेल. टांगतात ना दुकानात?" टांगतात. एका संध्याकाळी तो मला घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात दोरीला निळ्या-हिरव्या बाटल्या लटकत होत्या. त्यानं एक काढली, पाणी भरून घेतलं आणि उलटी धरून उभा राहिला, इतका वेळ, की दुकानदारानं विचारलं, "साहेब, घेणार आहात की तपासायला आलात?"

त्यानं दोन घेतल्या.

राहता राहिली ती कुजबुज. व्याख्यान संपवून तिघं घरी चालत निघाले, उपयोग, सर आणि सासूबाई, तेव्हा सासूबाईंनी वाटेतच विचारलं, "आता सांग. हे भाऊ सहा दिवस आपल्याकडे का होते?" उपयोगनं सरांकडे पाहिलं. हे कुणालाही सांगणार नाही असा शब्द सरांनी त्याच्याकडून घेतला होता. सर म्हणाले, "सही केलीय ना तुम्ही. सांगा." मग त्यानं सांगितलं. गप्प राहण्याच्या ज्या कागदावर सासूबाईंची सही होती, त्यात फक्त वायसर होता, ही गोष्ट नव्हती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी खिडकीतून ती मलाही कळली.

सरांना कुणी कोंडलं नव्हतं. त्यांची बायको लेकीकडे गेली होती आणि त्यांच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. त्या टिपटिपीनं त्यांना दोन रात्री झोप लागली नव्हती. नळवाल्याला बोलावलं होतं, पण वायसर बदलायला सही कशाला, म्हणून तो दारातूनच परत गेला. आणि सहीशिवाय त्याला आत घेतलं तर आपलं तोंड बंद राहणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. स्वतःला वायसर बदलता येत नव्हता. म्हणून ते उपयोगकडे झोपायला आले होते.